विस्तवावांचून कॉफी

ठाणें जिल्ह्यांतील भिवंडी तालुक्यांत गणेशपुरी नांवाचें जें लहानसें गांव आहे, तें बहुतेकांस दोन कारणांनीं ठाऊक असतें. एक तेथील नित्यानंद महाराजांचें समाधिस्थान आणि दुसरें भीमेश्वराच्या देवळापाशीं असलेलीं ऊन पाण्याचीं कुंडें. आज मला आपणांशीं बोलावयाचें आहे तें मात्र थंड पाण्याविषयीं; अधिक नेमकें सांगावयाचें तर, थंड पाण्यांत रात्रभर भिजवून विस्तवावांचून केलेल्या कॉफीविषयीं. हिला अलीकडे सर्वत्र ‘कोल्ड ब्रू’ असें म्हणतात. थंड कॉफीच्या विवेचनास ऊन पाण्याच्या गांवापासून आरंभ करणें थोडें विचित्र दिसेल. परंतु ऊन पाणी काय करतें हें नीट समजल्यावांचून थंड पाणी काय करीत नाहीं हें समजत नाहीं, आणि या कॉफीचें सारें मर्म त्या न करण्यांतच आहे.

कोंकणांत उत्तरेस पालघरकडील कोकनेरपासून दक्षिणेस राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत अशा ऊन झऱ्यांची एक रांगच आहे. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी हे तिच्यांतले मुंबईस जवळचे झरे होत. या उष्णतेचें मूळ एखाद्या ज्वालामुखींत आहे अशी पुष्कळांची समजूत असते; ती बरोबर नाहीं. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हारसाचा खरा, परंतु तो रस साडेसहा कोटी वर्षांमागेंच वाहून थिजला. त्याची ऊब आजवर टिकणें शक्य नाहीं. पावसाचें पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतें. जसजसें खोल जावें तसतशी पृथ्वीच्या पोटांतील उष्णता वाढत जाते. तेथें तापलेलें पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेनें वर येतें. या प्रवासांत तें खडकांतील क्षार आपल्यांत विरघळवून घेतें. म्हणूनच कुंडाचें पाणी जिभेला खारट लागतें आणि त्यास कधीं कधीं गंधकाचा वास येतो. एका अर्थीं, हें पाणी म्हणजे धरणीमातेनें आपल्या पोटांत उकळून काढलेला पाषाणांचा काढाच होय.

हाच नियम आपल्या पेल्यांतही चालतो. उष्ण पाणी घाईचें असतें. तें पदार्थाच्या अंतरंगांत लवकर शिरतें, अनेक द्रव्यें भराभर ओढून काढतें आणि त्यांत निवड फारशी करीत नाहीं. भाजलेल्या कॉफीच्या दाण्यांत पाण्यांत विरघळणारीं द्रव्यें शेंकड्यांनीं असतात. कांहीं सुवासिक, कांहीं आंबट, कांहीं गोडसर आणि कांहीं कडू व तुरट. ऊन पाणी चार-पांच मिनिटांत यांतील पुष्कळशीं बाहेर काढतें, आणि क्षणभर अधिक राहिलें तर नको असलेला कडवटपणाही घेऊन येतें. थंड पाणी मंद असतें. जीं द्रव्यें सहज विरघळतात तीं त्यास मिळतात. जीं हट्टी असतात तीं मोठ्या प्रमाणांत दाण्यांतच राहून जातात. जें काम ऊन पाणी चार मिनिटांत करतें तें करावयास थंड पाण्यास बारा तास लागतात. परंतु या दोन कामांचें फळ सर्वस्वीं एक नसतें. विस्तवाची जागा येथें वेळानें घेतलेली असते.

ही कल्पना आपल्याकडे नवी आहे असें मात्र कोणीं समजूं नये. आयुर्वेदांत औषधी वनस्पतींचा गुण काढून घेण्याचे पांच प्रकार सांगितले आहेत. अंगचा रस पिळून काढणें तो स्वरस; वाटून गोळा करणें तो कल्क; पाण्यांत उकळून आटविणें तो क्वाथ, म्हणजे आपला काढा; चूर्णावर ऊन पाणी ओतून तें गाळून घेणें तो फांट; आणि कुटलेलें द्रव्य थंड पाण्यांत रात्रभर ठेवून सकाळीं गाळणें तो शीतकषाय किंवा हिम. शार्ङ्गधरानें आपल्या संहितेंत यांचीं प्रमाणेंही दिलीं आहेत. काढ्यास सोळापट पाणी घालून तें एक अष्टमांश उरेपर्यंत आटवावें. फांटास चौपट ऊन पाणी घ्यावें. हिमास सहापट थंड पाणी घेऊन तें रात्रभर ठेवावें. उन्हाळ्यांत आपल्या घरांतून धणे कुटून रात्रीं भिजत घालतात आणि सकाळीं तें पाणी गाळून खडीसाखर घालून देतात, तो या हिमाचाच प्रकार. माठांत वाळ्याची जुडी सोडतात, आमसुलें भिजत घालून सरबत करतात, त्यांतही तत्त्व हेंच.

आतां या वर्गवारींत कॉफीच्या पद्धती बसवून पाहिल्या तर मौज वाटते. पातेल्यांत पाणी, कॉफीची पूड व साखर एकत्र उकळून आपल्या घरोघरीं जी कॉफी होते, ती जवळ जवळ क्वाथ होय. दक्षिणी पद्धतीच्या दोन मजली पितळी भांड्यांत वरून ऊन पाणी घालून जी थेंबथेंब खालीं उतरते, तिच्या अर्कास लोक ‘डिकॉक्शन’ म्हणतात. त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ काढा. पण त्या भांड्यांत कांहींच उकळत नाहीं. शास्त्रतः तो फांट होय. आणि आज ज्या पेयाविषयीं आपण बोलत आहों तो कॉफीचा हिम. हें साम्य केवळ कृतीचें आहे. कॉफी ही आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांना ठाऊक नव्हती. तेव्हां धण्याच्या हिमाचे गुण कॉफीच्या हिमास चिकटविण्याचें कारण नाहीं.

कॉफी आपल्या देशांत आली ती अरबस्तानांतून. सतराव्या शतकांत बाबा बुडन नांवाच्या सत्पुरुषानें येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरांत लावल्या, अशी परंपरा सांगते. त्या डोंगरांस आजही त्यांचेंच नांव आहे. आज हिंदुस्थानांतील कॉफीपैकीं सुमारें सात दशांश एकट्या कर्नाटकांत पिकते. आपल्या महाराष्ट्रांत अमरावती जिल्ह्यांत चिखलदऱ्याच्या थंड माथ्यावर थोडी कॉफी होते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. मुंबईस कॉफीचा परिचय वाढविण्यांत माटुंग्याच्या दाक्षिणात्य वस्तीचा आणि १९३६ सालीं चर्चगेटजवळ उघडलेल्या इंडिया कॉफी हाऊसचा वांटा मोठा आहे. गणेशपुरीस दक्षिणेकडून येणारे भाविक पुष्कळ. त्यामुळें तेथें चहाइतकेंच कॉफीचेंही नांव ऐकूं येतें.

थंड पाण्यानें कॉफी करण्याची चाल जपानांत फार दिवसांपासून आहे. तेथें उंच कांचेच्या नळ्यांतून पाण्याचा एकेक थेंब पुडीवर सोडतात. अमेरिकेंत टॉड सिम्पसन नांवाच्या रसायनविद्येच्या अभ्यासकानें १९६४ सालीं घरीं वापरण्याजोगें एक साधें भांडें काढलें आणि त्यास आपल्याच नांवावरून ‘टॉडी’ असें नांव दिलें. इंग्रजींत हा शब्द ताडीसाठींही चालत असल्यामुळें आपल्याकडील ऐकणारा क्षणभर दचकेल. परंतु त्या भांड्याचा आपल्या ताडीमाडीशीं कांहींएक संबंध नाहीं. शिवाय आपणांस तें भांडें लागतही नाहीं. झांकणाची एक बरणी, एक गाळणी आणि एक स्वच्छ मलमलीचें फडकें एवढ्यावर सर्व काम होतें.

येथें कोणी विचारील, कॉफीचा जो उत्तेजक अंश, ज्यास कॅफीन म्हणतात, तो थंड पाण्यांत उतरतो काय? उतरतो, आणि भरपूर उतरतो. उकळत्या १०० मिलिलिटर पाण्यांत सुमारें ६६ ग्रॅम कॅफीन विरघळूं शकतें. तेवढ्याच साध्या पाण्यांत सुमारें २ ग्रॅमच. हा फरक मोठा दिसतो खरा. परंतु आपल्या एका पेल्यांत कॅफीन असतें तें जेमतेम एक दशांश ग्रॅम. म्हणजे थंड पाण्याची धारणशक्ति कमी असली तरी आपल्या गरजेपेक्षां ती कितीतरी अधिक आहे. त्यास फक्त वेळ द्यावा लागतो. तेव्हां थंड कॉफी म्हणजे सौम्य कॉफी, म्हणून ती मुलांना द्यावयास हरकत नाहीं किंवा रात्रीं उशिरां घेतली तरी चालेल, हा समज चुकीचा आहे. ती जिभेला सौम्य लागते, मेंदूला नव्हे.

दुसरा समज आंबटपणाविषयीं. थंड कॉफींत आम्ल नसतेंच, असें विकणारे सांगतात. फिलाडेल्फियांतील नायनी राव व मेगन फुलर या दोन संशोधिकांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत एकाच दाण्याच्या ऊन व थंड कॉफीची तुलना केली. त्यांना असें आढळलें कीं, पी-एच या मापानें पाहिलें तर दोन्हींत विशेष अंतर नाहीं; दोन्ही ५ च्या आसपास असतात. मात्र एकंदर आम्लद्रव्यांचा सांठा ऊन कॉफींत अधिक असतो. थंड कॉफी जिभेला मवाळ लागते ती यामुळें आणि कडू द्रव्यें कमी आल्यामुळें. ज्यांस आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनीं तिला औषध समजूं नये. थोडी घेऊन पाहावी आणि सोसत नसेल तर सोडून द्यावी.

आतां कृतीकडे वळूं. प्रथम कॉफी. दाणे घ्यावेत, तेही अलीकडे भाजलेले. भाजणी मध्यम किंवा किंचित गडद असावी. माटुंग्यासारख्या ठिकाणीं दुकानदार दाणे डोळ्यांदेखत दळून देतात. तेथें ‘जाड दळा’ असें आवर्जून सांगावें, नाहींतर तो संवयीनें दक्षिणी भांड्याजोगी बारीक पूड हातीं देईल. पूड लापशीच्या रव्याइतकी जाड पाहिजे. मैद्यासारखी बारीक पूड घातली कीं फडक्याचीं छिद्रें बुजतात, गाळ तळाशीं राहत नाहीं आणि कडवटपणा उतरतो. घरीं मिक्सरमध्यें दळावयाचें असेल तर तो सलग न फिरवितां थांबून थांबून फिरवावा, म्हणजे पूड तापत नाहीं. अथवा खलबत्त्यांत ओबडधोबड कुटावी. बाजारांत मिळणारी, पाण्यांत टाकतांच विरघळणारी कॉफी या कामाची नव्हे. तिचा अर्क कारखान्यांत आधींच काढून वाळविलेला असतो.

चिकोरीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. चिकोरी हें एका झाडाचें भाजलेलें मूळ होय. त्यांत कॅफीन नसतें, पण तें पाण्यांत फार लवकर विरघळतें व रंग गडद करतें. दुधाच्या ऊन कॉफीस त्यामुळें दाटपणा येतो, म्हणून दक्षिणेंत तिची आवड आहे. आपल्या कायद्याप्रमाणें अशा मिश्रणांत निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते, आणि डब्यावर प्रमाण छापलेलें असतें. तें वाचूनच घ्यावें. थंड पद्धतींत जवळ जवळ निमी चिकोरी असलेलें मिश्रण वापरलें तर पेय काळेभोर दिसतें, परंतु त्यांत कॉफीची चव शोधावी लागते. शुद्ध कॉफी घ्यावी हें उत्तम. ज्यांस आंबटपणा नकोसा वाटतो त्यांनीं मंगळूरकडे पावसाळी वाऱ्यावर फुगविलेले दाणे मिळाल्यास घ्यावेत. पूर्वीं शिडाच्या जहाजांतून युरोपास जातांना दमट हवेनें दाण्यांस जी मवाळ चव येई, तीच तेथील वखारींत मुद्दाम आणतात.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि माझ्या मतें हीच सर्वांत महत्त्वाची. गणेशपुरीसारख्या ठिकाणीं गेलेल्या माणसास साहजिकच वाटतें कीं, तीर्थाच्या पाण्याची कॉफी करावी. हिमाचल प्रदेशांत मणिकर्ण येथें उकळत्या झऱ्यांत पोटल्या सोडून भात शिजवितात हें खरें. परंतु आपल्या कोंकणांतील झरे त्या मानानें कोमट, आणि त्यांचें पाणी क्षारयुक्त. शिवाय तीं कुंडें स्नानाचीं आहेत. पाणी ऊन असलें म्हणजे तें जंतुरहित असतें असें नाहीं; हाताला चटका बसेल अशा पाण्यांतही कांहीं जंतू सुखानें नांदतात. तेव्हां कुंडाचें पाणी स्नानास, आणि पिण्याचें पाणी पिण्यास.

विहिरीच्या पाण्याची परीक्षा आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायका फार पूर्वींपासून जाणतात. ज्या पाण्यांत डाळ लवकर शिजत नाहीं आणि साबणास फेस येत नाहीं तें जड पाणी. काळ्या पाषाणाच्या प्रदेशांत असें पाणी पुष्कळ ठिकाणीं लागतें. त्यांत कॉफीची चव बोथट होते. असें पाणी उकळून, निववून, तळाशीं बसलेला पांढरा सांका न हलवितां वरचें निवळ पाणी ओतून घेतलें म्हणजे त्याचा जडपणा कांहीं अंशीं कमी होतो.

परंतु पाणी उकळावयाचें तें केवळ चवीसाठीं नव्हे. श्रोतेहो, या साऱ्या विषयांत जर कांहीं धोक्याचें असेल तर तें येथें आहे. आपण चहा किंवा कॉफी उकळून करतों तेव्हां नकळत एक मोठें काम होऊन जातें. पाणी कसेंही असलें, भांडें थोडेंसें अस्वच्छ असलें, तरी उकळीनें रोगजंतू मरतात. यात्रेच्या गांवीं रस्त्याकडेच्या टपरीवर घेतलेला चहा बहुधा बाधत नाहीं आणि तेथलेंच सरबत बाधतें, त्याचें कारण हेंच. विस्तव हा आपला मुका पहारेकरी असतो. थंड कॉफींत आपण त्या पहारेकऱ्यास रजा देतों. आणि वर त्या पाण्यास बारा तास वैशाखाच्या उबेंत ठेवतों, म्हणजे जंतूंना वाढावयास हवा तेवढा अवकाश देतों. विषमज्वर, कावीळ, पटकी, हगवण हे रोग उन्हाळ्यांत व पावसाच्या आरंभीं कसे पसरतात हें आपणांस सांगावयास नको. त्यांत कॉफींत लिंबाच्या रसासारखें तीव्र आम्ल नसतें. लोणचीं, सरबतें टिकावयास जितका आंबटपणा लागतो तितका तिच्यांत नाहीं. त्यामुळें ती स्वतःचें रक्षण स्वतः करूं शकत नाहीं.

म्हणून नियम असा. पाणी चांगलें खळखळून उकळावें, झांकून निवूं द्यावें, आणि मगच वापरावें. बरणी, झांकण, चमचा व फडकें हीं उकळत्या पाण्यांतून काढावींत. ऊन पाणी कांचेस सोसत नसेल तर स्टीलचा डबा घ्यावा. पितळेचें किंवा तांब्याचें कल्हई नसलेलें भांडें घेऊं नये. ताकासारखी कॉफीही त्यांत कळकते. मातीचें मडकें छिद्रांनीं भरलेलें. तें कॉफीचा वास कायमचा धरून ठेवतें व नीट धुतांही येत नाहीं. चिनी मातीची जुनी लोणच्याची बरणी सोयीची, परंतु तिच्यांत मसाल्याचा वास राहिला आहे कीं काय तें आधीं पाहावें.

प्रमाण असें धरावें. १०० ग्रॅम जाड पूड आणि ८०० मिलिलिटर पाणी. घरांत तराजू नसेल तर साध्या २०० मिलिलिटरच्या पेल्यानें चार पेले पाण्यास सव्वा ते दीड पेला पूड पुरते. पूड बरणींत घालून तीवर निम्में पाणी हळूहळू ओतावें व चमच्यानें हलवावें, म्हणजे कोरडे गोळे राहणार नाहींत. ताज्या भाजलेल्या कॉफीस या वेळीं फेस येतो. भाजतांना दाण्यांत कोंडलेला वायु तो बाहेर पडत असतो. पांच मिनिटांनीं उरलेलें पाणी घालून पुन्हां एकदां हलवावें आणि झांकण लावावें.

यापुढचा प्रश्न वेळाचा. बरणी शीतकपाटांत ठेवणार असाल तर १६ ते २० तास लागतात. आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनें हीच रीत मी पसंत करीन. शीतकपाट नसेल तर रात्रीं नऊ वाजतां घालून सकाळीं सात वाजतां काढावी, त्यापुढें एक तासही ठेवूं नये. उबेंत द्रव्यें लवकर उतरतात, म्हणून उन्हाळ्यांत दहा तास पुरे होतात. बरणीभोंवतीं ओलें फडकें गुंडाळून ती पाण्याच्या परातींत ठेवण्याची युक्ति नागपूर-अकोल्याकडील कोरड्या हवेंत फार उपयोगी पडते. पाणी वाफ होऊन जातांना उष्णता घेऊन जातें, तेथील माठ गार असतो तोही यामुळेंच. गणेशपुरीसारख्या कोंकणी दमट हवेंत मात्र ओलें फडकें लवकर वाळत नाहीं, आणि जें वाळत नाहीं तें गारवाही देत नाहीं. तेव्हां या युक्तीवर कोंकणवासीयांनीं भरंवसा ठेवूं नये. वेळावरच नजर ठेवावी.

वेळ पुरा होतांच प्रथम गाळणींतून व नंतर मलमलीच्या दुहेरी फडक्यांतून गाळावें. येथें धीर धरावा. फडकें पिळण्याचा मोह होतो, तो आवरावा. पिळल्यानें चिखलासारखा गाळ आणि त्याबरोबर तुरटपणा अर्कांत येतो. पूड आपल्या वजनाच्या सुमारें दुप्पट पाणी धरून ठेवते. म्हणून ८०० पैकीं ६०० मिलिलिटर अर्क हातीं येईल. तो स्वच्छ बाटलींत भरून शीतकपाटांत ठेवावा. दूध, साखर कांहीं मिसळूं नये. तीं पेल्यांतच मिसळावींत. असा अर्क चार-पांच दिवसांत संपवावा. मध्यंतरीं वीज बराच वेळ गेली असेल, बाटलीस फेस दिसला असेल किंवा वास आंबूस आला असेल, तर काटकसरीचा विचार न करितां तो ओतून द्यावा. १०० ग्रॅम कॉफीच्या किंमतीपेक्षां वैद्याचें बिल मोठें असतें. उरलेला चोथा वाळवून झाडांच्या मातींत थोडाथोडा मिसळावा. जाड थर मात्र देऊं नये, त्यानें मातीस हवा मिळत नाहीं.

पितांना अर्काइतकेंच थंड पाणी किंवा आधीं तापवून गार केलेलें दूध घालावें. बर्फही उकळलेल्या पाण्याचाच पाहिजे. पेय स्वच्छ व बर्फ बाजारी, असें झालें तर सारी दक्षता वायां गेली. साखर थंडांत लवकर विरघळत नाहीं, म्हणून तिचा पातळ पाक करून ठेवावा. आपल्या मराठी घरांत कॉफींत जायफळ व वेलदोडा घालण्याची रीत आहे. ती येथेंही चालते. दोन वेलदोडे ठेंचून पुडीबरोबरच रात्रीं भिजत घालावेत. जायफळाचें तेल मात्र पाण्यापेक्षां स्निग्धांशांत बरें उतरतें, म्हणून तें चिमूटभर दुधांतच उगाळावें. पुष्कळांस असें आढळून येईल कीं, या कॉफीस साखर कमी लागते. कडवटपणा झांकण्यासाठींच आपण बरीचशी साखर घालत असतों. तो कमी झाला कीं तिची गरजही कमी होते. मधुमेहाच्या या काळांत हा लहानसा लाभ नव्हे.

चव बिघडली तर कारण शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं. कडू झाली तर पूड बारीक होती किंवा वेळ अधिक झाला. फिकी झाली तर पूड फार जाड होती किंवा वेळ अपुरा पडला. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, म्हणजे दोष कोठें होता तें कळतें.

शेवटीं मात्रेचा हिशेब. अरेबिका जातीच्या दाण्यांत वजनाच्या सुमारें सव्वा टक्का कॅफीन असतें; रोबस्टांत त्याच्या जवळ जवळ दुप्पट. आपल्या १०० ग्रॅम अरेबिकाच्या अर्कांत ढोबळ मानानें ८०० मिलिग्रॅम उतरलें असें धरूं. त्यांत तितकेंच पाणी मिसळून दीडशें मिलिलिटरचे आठ पेले झाले, तर दर पेल्यास सुमारें १०० मिलिग्रॅम येतें. निरोगी प्रौढ माणसानें दिवसाकाठीं ४०० मिलिग्रॅमच्या वर जाऊं नये, आणि गर्भवती स्त्रीनें २०० च्या आंत राहावें, असें तज्ज्ञ सांगतात. त्यांत दिवसभरांतला चहाही मोजावा लागतो. निरोगी शरीरांतून यांतील निम्में कॅफीन जावयास सुमारें पांच तास लागतात. म्हणून संध्याकाळीं सहा वाजतां घेतलेला पेला रात्रीं अकरा वाजतां निम्मा जागाच असतो. आणखी एक गोष्ट विशेषतः भगिनींनीं ध्यानांत ठेवावी. कॉफी जेवणाबरोबर घेतली तर भाजीपाला व धान्यांतील लोह अंगीं लागण्यास अडथळा होतो. आपल्याकडे स्त्रियांत रक्तक्षय फार. तेव्हां जेवण आणि कॉफी यांत निदान एक तासाचें अंतर असावें.

वैशाखांत दुपारीं पाहुणे यावेत आणि घरांतील स्त्रीला पुन्हां त्या तापलेल्या स्वयंपाकघरांत शेगडीपुढें उभें राहावें लागावें, हा आपल्या आतिथ्याचा एक कष्टाचा भाग आहे. आदल्या रात्रीं पांच मिनिटें काढलीं तर हा कष्ट वांचतो, इंधन वांचतें आणि आलेल्या माणसास खरोखर गार असें कांहीं देतां येतें. मात्र विस्तवास रजा द्यावयाची तर त्याचें काम आपल्याला करावें लागतें. त्याच्या उष्णतेची भरपाई वेळानें होते. त्याच्या शुद्धीची भरपाई स्वच्छतेनेंच झाली पाहिजे. पहिलीची उणीव राहिली तर कॉफी फिकी होईल, एवढेंच. दुसरीची राहिली तर पाहुणा आजारी पडेल. बरणीचें झांकण लावण्यापूर्वीं एवढा विचार ज्या घरांत होईल, त्या घरची थंड कॉफी कोणींही निःशंकपणें घ्यावी.